सुपरचार्जरचा आवाज हवाय? मग मागचा सायलेन्सर कापू नका

वाचकाचं पत्र

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो. नोकरी पीथमपूरला. काकांनी त्यांची मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर मला दिली. कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा सुपरचार्जर असलेली. २००९ चं मॉडेल, ऑटोमॅटिक. गाडी त्यांनी जिवापाड सांभाळली होती आणि आरसीसुद्धा पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू करून दिली. रोज तीच घेऊन जातो. अडचण एकच, सुपरचार्जरवाली गाडी असूनही आवाज काहीच येत नाही. मित्र विचारतात, ‘खरंच कॉम्प्रेसर आहे का, की नुसता बिल्ला?’ एका गॅरेजवाल्याने तीन कामं सुचवली आहेत: मागचा डबा (सायलेन्सर) कापून सरळ पाइप, कॅट म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं, आणि अॅक्सिलरेटर सोडला की फटाके वाजतील असं रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं). बाबा म्हणतात, चांगल्या गाडीचं वाटोळं करशील. रविवारी आजीला अन्नपूर्णेच्या देवळात याच गाडीतून नेतो, त्यामुळे गाडी रोजच्या वापरातली राहायला हवी. काय करू?
— आवाजप्रेमी, इंदूर

उत्तर

आवाजप्रेमी,

तुमची हौस मला मनापासून पटते. गाडीचा आवाज आवडणं हा काही पोरकटपणा नाही. शिवाय सुपरचार्जर आणि इंदूर यांचं नातं जुनं आहे. तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या माणिकबागेत राहणाऱ्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे घेतली होती. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली होती, रंग नारिंगी आणि काळा. एसजे म्हणजे सुपरचार्जरवालं मॉडेल, आठ सिलिंडर एका रांगेत, आणि कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. तेव्हा मित्र काय म्हणतात ते सोडा, तुमच्या गाडीत जे आहे ते खरंच आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येतो. ‘सुपरचार्जरवाली गाडी असूनही आवाज येत नाही.’ म्हणजे तुम्हाला सुपरचार्जर ऐकू यायला हवा आहे. गॅरेजवाल्याने सुचवलेल्या तिन्ही गोष्टी मात्र एक्झॉस्टच्या बाजूच्या आहेत. सुपरचार्जर बसतो हवा आत घेण्याच्या वाटेवर (इनटेकवर), म्हणजे एअर फिल्टरच्या पुढे आणि इंजिनच्या आधी. त्याचा जो बारीक, चढत जाणारा सूर असतो तो तिथून येतो. मागचा डबा कापलात तर चार सिलिंडरच्या स्फोटांचा घरघराट वाढेल आणि सुपरचार्जरचा सूर त्याच्याखाली आणखी दबेल. पैसे खर्च करून हवं होतं त्याच्या नेमकं उलट होईल.

गाडी मुकी का वाटते, तेही समजून घ्या. तुमच्या १.८ लिटरच्या इंजिनावरचा कॉम्प्रेसर रूट्स पद्धतीचा आहे: एका घरात दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. तो पट्ट्यावर चालतो, म्हणजे इंजिन फिरतंय तोवर तोही फिरतोच. पण त्याच्या शेजारी एक बायपास फ्लॅप असतो. तुम्ही अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून चाललात की हा फ्लॅप उघडा राहतो, हवा गोल फिरून परत मागे येते, दाब तयार होत नाही आणि आवाजही होत नाही. पाय खोल गेला की फ्लॅप मिटतो, दाब चढतो आणि सूर लागतो. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क (ओढण्याचा जोर), २५० न्यूटन मीटर, २,८०० आरपीएमच्या पुढे मिळतो. केसरबाग रोडवर, राजेंद्र नगरच्या गर्दीत, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तुम्हाला कायम २,००० च्या आत ठेवतो. म्हणजे रोजच्या प्रवासात सुपरचार्जर जवळजवळ सुट्टीवरच असतो. त्यात कंपनीने इनटेकच्या वाटेवर आवाज गिळणारे पोकळ डबे बसवलेले असतात, कारण २००९ मध्ये ही गाडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शांतता हवी होती.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. गिअरच्या दांड्याजवळ एस आणि सी असं बटण आहे, ते एस वर करा. मोकळा रस्ता मिळाला की दांडा डावीकडे ढकलून गिअर स्वतः खाली घ्या. राऊच्या पुढे रस्ता मोकळा असेल तेव्हा वेगमर्यादेच्या आत राहून, काच खाली करून तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० पासून पुढे दाबून बघा. काकांनी गाडी बहुधा कधी अशी चालवलीच नसेल. हे करून आठवडाभर बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आवाज वाढवण्याआधी आता जो आवाज आहे तो निरोगी आहे का, ते तपासून घ्या. सोळा-सतरा वर्षांच्या गाडीत ‘सुपरचार्जरचा सूर’ म्हणून लोक ज्यावर खूश होतात, तो कित्येकदा मरायला टेकलेल्या बेअरिंगचा आवाज असतो. बघायचं असं: सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि कुणाला तरी गाडीत बसवून स्टार्ट करायला सांगा. पट्ट्याच्या बाजूने, पण पट्ट्यापासून हात, ओढणी, शर्टाची बाही लांब ठेवून कान द्या. आयडलिंगला खडखड, डब्यात खडे हलवल्यासारखी, येते का? ती बहुतेक वेळा कॉम्प्रेसरच्या पुढच्या कपलिंगची किंवा पुलीची असते. आरपीएमबरोबर चढणारा करकरीत किंचाळा असेल, तर पट्टा, टेन्शनर किंवा आयडलर पुली. स्वच्छ, गुळगुळीत सूर फक्त लोड आल्यावर चढत असेल आणि पाय काढताच मिटत असेल, तर तो खरा. मेकॅनिककडे स्टेथोस्कोप असतो, त्याच्याकडून प्रत्येक पुलीवर टोक ठेवून ऐकून घ्या. कॉम्प्रेसरच्या पुढच्या गिअरच्या डब्यात त्याचं स्वतःचं वेगळं तेल असतं, इंजिन ऑइलशी त्याचा संबंध नाही. नेहमीच्या सर्व्हिसला त्याकडे कुणी बघत नाही. ते किती उरलंय आणि कसं आहे, हे एकदा बघायला सांगा.

याच इंजिनाच्या दोन दुखण्यांची चौकशीही लगेच करा. टायमिंग चेन लांबते आणि कॅमशाफ्टचे दाते झिजतात, त्याची खूण म्हणजे थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने येणारी काही सेकंदांची खडखड. आणि इंजिनाच्या श्वासाचे रबरी पाइप, ज्यांना ब्रीदर होज म्हणतात, ते उष्णतेने तडकतात. मग बाहेरची हवा आत ओढली जाते, आयडलिंग डळमळतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. ही कामं बाकी असताना आवाजावर खर्च करणं मला अजिबात पटणार नाही.

आता गॅरेजवाल्याच्या तीन सूचना.

कॅट काढणं: नको. यात मधला मार्गच नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे. तो काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कॅट काम करत नसल्याची खबर देतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग तो दिवा विझवण्यासाठी रीमॅप, त्या रीमॅपमुळे आणखी काहीतरी, असं चालू राहतं. पीयूसीची अडचण वेगळीच. आणि जळक्या, आंबूस वासाचा धूर मागच्या सीटवर बसलेल्या आजींना सोसावा लागेल.

फटाके वाजवणारं रीमॅप: हेही नको. हे आवाज होतात कसे, तर पाय काढल्यावर ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतात, वर पेट्रोलही सोडतात, आणि ते सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये जळतं. ती उष्णता एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना आणि कॅटला सोसावी लागते. कॅट आतून वितळून तुकडे झाले की वाट तुंबते. ट्रॅकवर अधूनमधून चालणाऱ्या गाडीचा मालक ते पत्करत असेल. तुमची गाडी रोज पीथमपूरला जाणार आहे आणि रोज परत यायची आहे.

मागचा डबा कापून सरळ पाइप: यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचं मन इथंच अडकलं असणार.

पहिल्या दिवशी मजा येईल. मग राऊच्या पुढे ८०-९० च्या वेगाने चालताना लक्षात येईल की काहीतरी कानात बसलंय. चार सिलिंडरचं इंजिन २,१०० आरपीएमला सेकंदाला ७० स्फोट करतं. मधला रेझोनेटर (आवाज गिळणारा छोटा डबा) आणि मागचा डबा यांचं कामच हा खालचा, जाड सूर खाण्याचं असतं. मागचा डबा गेला की तो सूर केबिनमध्ये शिरतो आणि तानपुऱ्याच्या भोपळ्यासारखी अख्खी केबिन घुमायला लागते. गाडीवाले याला ड्रोन म्हणतात. बाहेर उभ्या माणसाला तो फारसा जाणवत नाही, पण आत बसलेल्याचं डोकं दुखतं. यूट्यूबवरच्या व्हिडिओत तो कधीच ऐकू येत नाही, कारण ते व्हिडिओ गाडीच्या मागे उभं राहून काढलेले असतात. तुमचा रोजचा वेग नेमका याच पट्ट्यात येतो. शिफ्ट संपवून दमून परत येताना हा घुमारा नकोसा होईल. आजी तर दुसऱ्या रविवारी रिक्षा बोलवायला सांगतील.

शिवाय वेल्डिंग. रस्त्याकडेच्या दुकानात साधा लोखंडी पाइप टाचून देतात. एक-दोन पावसाळ्यांत तो गंजतो, सांध्यातून फुसफुस सुरू होते. गाडीखाली गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि बंद काचेच्या गाडीत तो शिरला तर जिवाशी खेळ होतो. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. कुठंही, कुणाकडेही एक्झॉस्टचं काम केलंत तर गळती तपासून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

आणि कायदा. तो तुमच्या बाजूने नाही, हे स्पष्ट सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. २००५ पासून प्रवासी कारसाठी मर्यादा ७४ डेसिबल आहे. ती मोजतात ५० च्या वेगाने येऊन पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून, साडेसात मीटरवर माइक ठेवून. कंपनीने ही परीक्षा ज्या सायलेन्सरसह पास केली, तो तुम्ही कापणार आहात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाच्या निकषांसाठी कलम १९०(२) आहे. त्यात पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि वर तीन महिन्यांसाठी लायसन्स जाऊ शकतं. रोज गाडीने नोकरीला जाणाऱ्या माणसाला दंडापेक्षा लायसन्सची किंमत जास्त. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. आणि तुमची आरसी पाच वर्षांनी पुन्हा रिन्यू करायची आहे, तेव्हा गाडी परत तपासणीला उभी राहणार.

कायद्याआधी मला गल्ली दिसते. पहिली पाळी असेल तेव्हा तुम्ही सकाळी सहाच्या आधीच निघत असाल. थंड इंजिन सुरुवातीचा मिनिटभर मुद्दाम चढ्या आरपीएमवर चालतं, कॅट लवकर तापावा म्हणून. म्हणजे सरळ पाइपवाली गाडी सगळ्यात जास्त ओरडेल ती तुमच्याच दारात, लोक झोपलेले असताना. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा आहे ४५ डेसिबल. मागचा डबा कापल्यावर गाडीचा आवाज १० डेसिबलने जरी वाढला, तरी कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. लोकमान्य नगरात घरं जुनी, माणसं एकमेकांना ओळखणारी. कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, कुणाचं बाळ महिन्याचं असेल. ते तुम्हाला तोंडावर काही बोलणार नाहीत, बाबांना भेटून सांगतील.

मग करायचं काय? इनटेककडे चला.

सगळ्यात साधं म्हणजे एअर फिल्टर. कंपनीच्याच डब्यात बसणारा चांगल्या प्रतीचा कोरडा पॅनेल फिल्टर टाका. फरक थोडाच पडेल, पण तोटा काहीच नाही. तेल लावलेले कापडी फिल्टर मी या गाडीला सुचवत नाही. तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरवर बसतं. उघडा कोन फिल्टर दिसायला छान आणि आवाजही देतो, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. सुपरचार्जर हवा आधीच तापवतो, त्यात गरम हवा दिली की ताकद घटते. तुमच्या रस्त्यावर ट्रकची धूळही भरपूर. आणि ‘कोल्ड एअर’ म्हणून फिल्टर खाली बंपरजवळ नेणारे किट तर नकोच. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं आणि ते इंजिनात ओढलं गेलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतात.

माझी खरी शिफारस आहे साउंड ट्यूब. ही कल्पना कार कंपन्यांनीच वापरलेली आहे. टोयोटाच्या ८६ या स्पोर्ट्स कारमध्ये इनटेकपासून डॅशबोर्डमागच्या लोखंडी भिंतीपर्यंत अशी नळी येते, फोर्डच्या फोकस एसटीमध्येही होती. नळीच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. हवेचा दाब त्या पडद्यावर आपटतो, पडदा थरथरतो आणि फक्त आवाज पुढे जातो, हवा जात नाही. त्यामुळे इनटेकचा सूर केबिनमध्ये येतो आणि रस्त्यावरच्या माणसाला फारसा फरक कळत नाही. तुमच्या गाडीत हे जोडायचं तर फिल्टर आणि कॉम्प्रेसर यांच्या मधल्या पाइपवर जोड काढावा लागेल, कारण रोटरचा सूर त्या बाजूनेही मागे येतो. जोड शंभर टक्के हवाबंद हवा. एअरफ्लो सेन्सरच्या पुढे जरा जरी हवा गळून आत आली, तर मोजमाप चुकतं, मिश्रण पातळ होतं, आणि ब्रीदर होज तडकल्यावर होतो तोच त्रास सुरू होतो. मूळ पाइपला भोक पाडू नका. जुना पाइप स्पेअर म्हणून मिळवा, काम त्याच्यावर करा, आणि तुमचा मूळ पाइप पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. नळी भिंतीपर्यंतच आणायची, भिंत फोडायची नाही. इंजिनाची उष्णता आणि वास आत येता कामा नये.

हे काम ‘करून देतो भिया’ म्हणत अर्ध्या तासात उरकणाऱ्याकडे देऊ नका. पीथमपूरला वाहनउद्योगाची एवढी वस्ती आहे. रबर मोल्डिंग, पाइप वाकवणं, हवाबंद जोड हे ज्यांचं रोजचं काम, असे लोक तुमच्या ओळखीत निघतील. तिथंच नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक असलेलं, गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र. त्या वर्तुळातला एखादा माणूस भेटला तर चहा पाजा आणि विचारा. आवाज कुठून येतो आणि कुठं जातो, हे त्याला आपल्या दोघांपेक्षा चांगलं कळेल.

गॅरेजवाला कदाचित म्हणेल, कॉम्प्रेसरची पुली छोटी करू, सूर चढेल. सूर चढतो हे खरं. पण त्याने कॉम्प्रेसर जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते, दाब वाढतो, इंधनाचं गणित बदलावं लागतं आणि जुनी बेअरिंग लवकर जातात. नुसत्या आवाजासाठी हे करू नका.

हे सगळं करूनही एक्झॉस्टमध्ये थोडा भारदस्तपणा हवाच वाटला, तर मागचा डबा काढण्याऐवजी तो जुना झालाय का ते बघा. आतली लोकर जळून पडली असेल किंवा हँगर सैल असेल तर आवाज विस्कटलेला येतो. कंपनीच्या दर्जाचा नवा डबा, नीट बसवलेले हँगर आणि नवे गॅस्केट एवढ्यानेही सूर भरीव होतो. नंतर ड्रोन मारायला बाजूला दीड मीटरच्या आसपास बंद नळी जोडतात वगैरे गोष्टी तुम्ही ऐकाल. शास्त्र बरोबर आहे, पण तो आधी प्रश्न निर्माण करून मग उत्तर शोधण्याचा प्रकार आहे.

काम आधी आणि नंतर, एकाच जागी, एकाच आरपीएमवर फोनच्या डेसिबल मीटरने केबिनमधला आणि बाहेरचा आवाज मोजून ठेवा. फोनचा आकडा कायद्याच्या मोजणीसाठी चालत नाही, पण फरक कळायला पुरेसा आहे. बाहेरचा आकडा दोन-तीनने वर गेला असेल तर कुठंतरी गळती आहे, गाडी परत न्या. हे मोजमाप गल्लीत करू नका, राऊच्या पुढे एखादी रिकामी जागा बघा.

आणि चेन, पुली, ब्रीदर होज यांची तपासणी या महिन्यातच करून घ्या. चेन लांबलेली निघाली, तर साउंड ट्यूबसाठी ठेवलेले पैसे आधी तिथं घाला.